परत आलेला पंखा

वहिनींचा कुणावरच विश्वास नव्हता आणि त्यात त्यांना काही गैरही वाटत नव्हतं. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की त्या म्हणायच्या, "पुन्हा एकदा घ्या बघू." दुकानात नवा वजनकाटा दिसला की त्यावर आधी स्वतःची किल्ल्यांची जुडी ठेवून बघायच्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो संध्याकाळी घरी येऊन "आज काही विशेष नाही" म्हणाला, की लगेच विचारायच्या, "काही विशेष नाही म्हणजे नेमकं काय झालं?"

हा स्वभाव त्यांना कामाने लावला होता. तरुणपणापासून त्या हेअर ड्रायरच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसल्या. समोरून येणारा प्रत्येक ड्रायर सुरू करायचा, कानाशी धरायचा, वास घ्यायचा, आणि मनाला खटकला की बाजूच्या लाल टोपलीत टाकायचा. चांगला असेल असं धरून चालायचं नाही, वाईटच आहे असं समजून सुरुवात करायची, असं पहिल्या दिवशी मुकादमिणीने सांगितलं होतं. वहिनींनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे माणसंही त्याच टेबलावरून जाऊ लागली. कारखाना बंद पडला, टेबल गेलं, सवय तेवढी राहिली.

त्या तपासणीतून सुटलेला माणूस जगात एकच होता, त्यांचा धाकटा दीर. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो दप्तर ओढत शाळेत जायचा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे त्याची वेणीफणी सोडून सगळं वहिनींनीच केलं, असं नवरा चेष्टेने म्हणायचा. त्याचा ताप, त्याचे पाढे, त्याचं पहिलं प्रेम आणि त्याचा बोजवारा, सगळं वहिनींच्या पदराआड झालं. त्याला अख्खी गल्ली धाकटा म्हणायची. चाळिशी ओलांडली तरी तो धाकटाच राहिला.

या धाकट्याचं रिमोटवर धावणाऱ्या मोटारींचं दुकान होतं. खेळण्यातल्या मोटारी नव्हेत. हातभर लांबीच्या, खऱ्याखुऱ्या गिअरच्या, आणि वळणावर अशा उसळी मारणाऱ्या की बघणाऱ्याने पाय मागे घ्यावेत. दुकानामागे एका जुन्या गोदामाची मोकळी जागा होती. तिथे मातीचा ट्रॅक केलेला होता आणि सुट्टीच्या दिवशी पोक्त, पोटं सुटलेली माणसं हातात रिमोट घेऊन एकमेकांवर ओरडत उभी असायची. कारखाना सुटल्यावर धाकटा म्हणाला, "वहिनी, घरात बसून दादाला तपासत राहशील. त्यापेक्षा माझ्याकडे ये. मोटरी आहेत, पंखे आहेत, तुझंच काम आहे."

आणि खरंच ते त्यांचंच काम निघालं. या गाड्यांची मोटर अंगठ्याएवढी, पण जिद्द मोठी. ती तापते. तापली की आधी दम जातो, मग जीव जातो. म्हणून तिच्या डोक्यावर छोटा पंखा बसवतात. लोकांना वाटतं, पंखा म्हणजे पंखा, घेतला आणि लावला. वहिनी असं म्हणणाऱ्याकडे नुसतं बघायच्या. मग विचारायच्या, "ट्रॅक मातीचा की गालिच्याचा? गाडीचं कवच बंद आहे की मागून कापलेलं? वीज कुठून घेणार, थेट बॅटरीतून?" थेट बॅटरीतून म्हटलं की हात पुढे करून गाडी काढूनच घ्यायच्या. सहा व्होल्टच्या पंख्याला त्याच्या दुप्पट वीज दिली तर तो थोडा वेळ भन्नाट फिरतो आणि मग कायमचा गप्प होतो.

पंखा निवडताना त्या पात्यांपेक्षा आत काय आहे ते बघायच्या. छर्‍यांचा बेअरिंग असलेला पंखा उष्णता सोसतो. नुसत्या तेलाच्या बुशीवर, म्हणजे धातूच्या नळीत, फिरणारा थंडीत गुणी बाळासारखा वागतो, पण मोटरच्या आचेने आतलं तेल सुकलं की अडतो. म्हणून वहिनी प्रत्येक पंखा हेअर ड्रायरच्या गरम झोतात धरून तपासायच्या. गरम असतानाच बंद करायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. पुन्हा उठला तर पास. मग स्टिकरची बाजू मोटरकडे, कारण वारा त्या बाजूने बाहेर पडतो. मोटर आणि पंखा यांच्यात बोटाच्या पेरापेक्षा कमी फट. स्क्रूखाली रबराची चकती, म्हणजे खडखडाटाने स्क्रू ढिला होणार नाही. वायरी पीळ घालून गिअरपासून लांब बांधायच्या. वहिनी डावखुऱ्या होत्या, त्यामुळे त्यांचा पीळ उलटा पडायचा. त्याकडे कधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, त्यांचं स्वतःचंही नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग पंखे मरून परत यायला लागले.

पहिला आला तेव्हा वहिनींनी गिऱ्हाइकालाच धारेवर धरलं. "पाण्यात घातली होती का गाडी?" दुसरा आला तेव्हा तो त्यांनी एका डब्यात जपून ठेवला. तिसऱ्याबरोबर जळालेली मोटरही आली. तिचा मालक, एक बेकरीवाला, काउंटरवर ती ठेवून म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातचा पंखा म्हणून मी डोळे मिटून लावला हो." तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळहळला, आणि ते जास्त झोंबलं.

त्या दिवसापासून वहिनींच्या मनात पाल चुकचुकायला लागली. आपला हात चुकत नाही. पंखा आपण तपासलेला. मग मधेच कुणीतरी काहीतरी करतंय.

पहिला संशय मास्तरवर गेला. मास्तर मोटार ड्रायव्हिंग शिकवायचा आणि ट्रॅकवर बहुतेक वेळा पहिला यायचा. त्याची गाडी कधी तापत नसे. शिवाय त्याला एक वाईट खोड होती. दुकानातल्या फळीवर दुरुस्त होऊन ठेवलेल्या गाड्यांची कवचं तो हळूच उचलून आत डोकवायचा. एकदा वहिनींनी त्याला रंगेहाथ पकडलं.

"काय बघताय?"

"काही नाही, सहज," मास्तर म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

सहज! वहिनींच्या हिशेबी जगात सहज असं काही नसायचंच. पण मास्तरला फक्त डोकवता येत होतं. दुकानात, सगळ्यांसमोर, स्क्रू खोलून पंखा बिघडवायचा तर वेळ लागणार. तो संशय त्यांनी बाजूला ठेवला. टाकून नाही दिला.

मग जाऊ. धाकट्याची बायको काउंटर सांभाळायची. नीटनेटकी, कमी बोलणारी, आणि वहिनींच्या मते कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात जास्त असतं. वहिनी दुकानात यायला लागल्या तेव्हापासून तिचा चेहरा जरा ओढलेलाच असायचा. "ताई, तुम्ही दमला असाल, लवकर निघा ना," असं ती बऱ्याचदा म्हणायची. आधी त्यात वहिनींना माया दिसायची. आता त्यांना वाटलं, ही मला लवकर का घालवते? मी गेल्यावर हिला काय करायचं असतं?

त्यांनी रात्री जेवताना नवऱ्याकडे विषय काढला. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "धाकट्यालाच विचार की सरळ."

"त्याचा काय संबंध?" वहिनी इतक्या ताडकन म्हणाल्या की नवऱ्याने भाजीचं भांडं स्वतःकडे ओढून घेतलं. "तो बिचारा मरमर मरतोय. त्याला कशाला डोक्याला ताप!"

"दुकान त्याचं आहे, एवढंच म्हटलं," नवरा म्हणाला आणि जेवू लागला.

पुढे जे घडलं ते एका ओरखड्यामुळे. सकाळी धाकट्याने नेहमीसारखे नवे पंखे तबकात ठेवले होते. वहिनींनी एक उचलला, ड्रायर सुरू केला, आणि त्यांचा हात थांबला. पंख्याच्या चौकटीवर एका कोपऱ्यात बारीक, वाकडा ओरखडा होता. मागच्या आठवड्यात त्यांच्याच हातून स्क्रूड्रायव्हर घसरला होता, तेव्हा असाच ओरखडा पडला होता. तो पंखा त्यांनी बेकरीवाल्याच्या दुसऱ्या गाडीवर बसवला होता. गाडी तो घेऊनही गेला होता.

मग हा पंखा इथे, नवा म्हणून, कसा?

वहिनींनी चष्मा पुसला. पंखा डोळ्यांजवळ धरला. रबराच्या चकतीची गोल खूणही स्क्रूच्या भोकाभोवती उमटलेली होती. नव्या पंख्याला अशी खूण असायचं कारण नाही. त्यांनी तबकातले बाकीचे पंखे पालथे केले. बहुतेकांवर तीच खूण. म्हणजे इतके दिवस त्या तेच ते चांगले पंखे पुन्हा पुन्हा तपासत होत्या आणि पुन्हा पुन्हा पास करत होत्या.

मग त्यांनी परत आलेल्या मेलेल्या पंख्यांचा डबा काढला. वायरींचे पीळ पहिल्यांदाच निरखून बघितले. एकूण एक उजवे, त्यांच्या डाव्या हाताचा उलटा एकही नाही.

म्हणजे त्या घरी गेल्यावर कुणीतरी फळीवरच्या गाड्या उतरवत होतं, त्यांनी बसवलेला पंखा काढून घेत होतं, आणि त्या जागी दुसरा, टुकार, बसवत होतं. बसवणाराही नवशिका नव्हता. फट बरोबर, चकत्या बरोबर, स्टिकर मोटरकडे. त्यांचंच काम कुणीतरी हुबेहूब करत होतं, फक्त पीळ सोडून.

किल्ली दोघांकडे, धाकट्याकडे आणि जावेकडे. वहिनींना क्षणभरही विचार करावा लागला नाही. जाऊ रोज काउंटरवरून त्यांचे हात बघायची. शिकली असणार. आपल्याला बदनाम करून दुकानातून काढायचं, धाकट्याच्या मनातून उतरवायचं. किती शांतपणे चाललं होतं सगळं!

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. एका तयार गाडीवर पंखा बसवला, स्क्रूच्या डोक्यावरून चौकटीपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली आणि गाडी फळीवर ठेवली. दुपारी जरा मोठ्याने म्हणाल्या, "मी दातांच्या डॉक्टरकडे जाते. आज परत येत नाही." जावेने मान वर करून विचारलं, "फार दुखतंय का?" केवढी काळजी, असं वहिनी मनात म्हणाल्या.

त्या गल्लीला वळसा घालून मागच्या बाजूने आल्या. दुकानाच्या मागे हात धुवायची मोरी होती आणि टायरांची चळत. त्या चळतीआड उभ्या राहिल्या. वयाला आणि गुडघ्यांना न शोभणारी गोष्ट होती, हे त्यांना कळत होतं. शेजारच्या भिंतीवरून एक मांजर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. त्याच्याकडेही त्यांनी संशयाने बघितलं.

पुढचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. जेवायची सुट्टी. मग फळीवरून गाडी उतरवल्याचा, स्क्रू काढल्याचा बारीक आवाज. वहिनींनी पदर खोचला. आता आत शिरायचं आणि तिला समोरासमोर विचारायचं.

तेवढ्यात आतलं माणूस गुणगुणायला लागलं.

चाल अशी कुठलीच नव्हती. नाकातून निघणारा एक लांबट सूर, मधेच तुटणारा, पुन्हा तिथूनच सुरू होणारा. वहिनींनी तो सूर लहानपणी ऐकला होता, त्यांच्या नव्हे, त्याच्या लहानपणी. गणित सुटत नसलं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तो असाच गुणगुणायचा. घाबरला की तर जास्तच.

वहिनी टायरांना धरून उभ्या राहिल्या. आत जावं की तसंच घरी जावं आणि दाताचं खोटं खरं करून झोपावं, हे त्यांना कळेना. जावेला पकडायला त्या शिकाऱ्यासारख्या निघाल्या होत्या, आणि आता पायच उचलेनात.

शेवटी त्या आत गेल्या. धाकटा टेबलाशी वाकला होता. समोर त्यांची रेघ ओढलेली गाडी, रेघ मधून तुटलेली. हातात त्यांचा पंखा. शेजारी एक मोठा उघडा खोका, त्यात ओळीने लावलेले नवे कोरे पंखे.

त्याने वर बघितलं. सूर तुटला.

"तू दातांच्या..."

"दात ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "हे काय आहे?"

त्याने आधी हसायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. खुर्चीवर बसला. हळूहळू सगळं बाहेर आलं. एका घाऊक विक्रेत्याने त्याला भरीला घातलं होतं आणि त्याने सबंध खोका उचलला होता. बेअरिंगचे पंखे म्हणून दिले होते, निघाले बुशीचे. परत घ्यायला तो विक्रेता तयार नव्हता.

"मी फिरवून बघितले गं," तो म्हणाला. "इथे टेबलावर. छान फिरले. मला वाटलं, चालतील. पण तू गरम करून बघणार, आणि सगळे लाल टोपलीत टाकणार, हे मला माहीत होतं. तू नको म्हणाली असतीस घ्यायला. मी तुला विचारलंच नव्हतं."

"म्हणून माझे काढून हे लावलेस?"

"पहिला परत आला तेव्हा वाटलं, एखादा असतो खराब. मग दुसरा आला. तोवर किती गाड्यांवर बसले होते. आता कुठल्या तोंडाने सांगणार?"

"आणि लोक माझ्या नावाने बोलत होते ते?"

तो बोटाने टेबलावरची धूळ गोळा करत राहिला. शाळेतून मार खाऊन आला की असंच करायचा. वहिनींना त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि त्याच क्षणी एक थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यांनी दोन्ही केलं नाही. ड्रायर लावला आणि खोक्यातला एक पंखा सुरू करून त्याच्यापुढे धरला.

"बघ."

पंखा फिरत होता, नाजूक आवाजात. गरम हवा लागली तसा आवाज बदलला, जडावला. मग पाती दिसायला लागली, मग थांबली. वहिनींनी दुसरा घेतला. तोही. तिसरा थोडा जास्त टिकला. काउंटरकडच्या दाराशी जाऊ येऊन उभी राहिली होती. हातात पाण्याचा तांब्या, चेहरा पांढराफटक. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

वहिनींनी ड्रायर बंद केला.

"मी सगळ्यांना तपासलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या दादाला, हिला, त्या मास्तरला. तुला नाही."

"म्हणूनच जमलं," धाकटा खाली बघत म्हणाला.

हे तो उद्धटपणे बोलला नव्हता. खरं होतं ते बोलला होता. पण वहिनींच्या जिव्हारी लागलं ते हेच, आणि पुढे कित्येक दिवस भांडी घासताना, जिना चढताना तेच दोन शब्द त्यांना ऐकू येत राहिले.

सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर त्यांनी धाकट्याला पुढे उभं केलं. स्वतः मागे, हातात अवजारांची पेटी. "तूच सांगायचं," एवढंच बजावलं होतं. त्याने सांगितलं. अडखळत सांगितलं, पण विक्रेत्यावर ढकललं नाही. "पंखे मी बदलले. वहिनींना माहीत नव्हतं." कुणी शिव्या दिल्या, कुणी गाडी उचलून निघून गेलं आणि पुन्हा दुकानाची पायरी चढलं नाही. बेकरीवाला गाडी वहिनींच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "माझ्यासमोर बसवा." वहिनींना त्याचं वाईट वाटलं नाही. असंच विचारायचं असतं, असं त्यांना वाटलं.

मास्तरही गाडी घेऊन आला. जरा घुटमळत म्हणाला, "वहिनी, मी कवचं उचलून बघायचो ते तुम्ही फट किती ठेवता ते बघायला. विचारायला लाज वाटायची." वहिनींनी त्याची गाडी उघडली. पंखा त्यांच्याच पद्धतीने बसवलेला, पण चकत्या नव्हत्या. त्यांनी चार चकत्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या गाड्या झाल्या. धाकटा वायरी बांधायला बसला होता. त्याने बांधलेली प्रत्येक वायर वहिनी ओढून बघत होत्या. आधी त्यांनी तसं कधी केलं नव्हतं. त्यालाही ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी मागच्या खोलीत एकट्या होत्या. जाऊ दोन कप चहा घेऊन आली. एरवी ती कप टेबलावर ठेवून निघून जायची. आज स्टूल ओढून बसली. वहिनींना वाटलं, आता टाळण्यात अर्थ नाही.

"तुला एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "माझा संशय तुझ्यावर होता. त्या दिवशी टायरांमागे मी तुला धरायला उभी होते."

"ठाऊक आहे मला," जाऊ म्हणाली. "नेलपॉलिश माझंच घेतलं होतं तुम्ही. ड्रॉवरमध्ये बाटली वाकडी ठेवली होती."

वहिनींनी कप खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? माझा तुमच्यावर होता." जावेने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं. "मला वाटायचं, ताई मुद्दाम पंखे बिघडवतात आणि यांना माझ्याबद्दल काहीबाही सांगतात. म्हणून तुम्हाला लवकर घरी पाठवायचे. तुम्ही गेलात की तुमच्या टेबलाचे खण उघडून बघायचे."

"सापडलं काही?"

"आल्याच्या गोळ्या. दोन खाल्ल्या मी."

वहिनींना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, तेव्हा जावेने उठून त्यांच्या पाठीवर हात मारला, जरा जोरातच. मग दोघी चहा प्यायल्या. बाहेर काउंटरवर धाकटा एका गिऱ्हाइकाला समजावत होता की या गाडीला मोठा पंखा लागणार नाही, गिअर लहान केला तर मोटर तापणारच नाही. जाऊ ऐकत होती. वहिनीही.

"खरं सांगतोय का तो?" जावेने हळूच विचारलं.

"या बाबतीत खरं सांगतोय," वहिनी म्हणाल्या, आणि तरी उठून बाहेर बघायला गेल्या.